गल्लीचा चार्ज

शिल्पा, जरा जवळ सरक गं. असं एक पाय दाराबाहेर ठेवून का कोणी माणसाची चौकशी करतं? लंडनच्या वाटेवर मधे बाहरीनला चार तास मिळाले म्हणून टॅक्सी करून आलीस, चहा अर्धा तसाच ठेवलास, निम्मा वेळ त्या मोबाइलकडे बघत होतीस, आणि निघताना लिफ्टचं बटण दाबून मग विचारतेस, ‘काकू, आपल्या जैबुन टीचर कुठे असतात आता?’ मी तोंड उघडलं तोवर लिफ्ट आली. तू ‘फोन करते’ म्हणालीस. केलास का फोन? नाहीच केलास. आणि ही काही फोनवर सांगायची गोष्टही नव्हे. म्हणून लिहून पाठवतेय. माझं लिहिणं म्हणजे बोलणंच. सातवीला शाळा सुटली माझी, पुढचं जे काही आलं ते पुड्यांच्या कागदांवरून आणि पोरांच्या पुस्तकांवरून. चुका काढायच्या तर मागाहून काढ. आधी मांडी घालून बस.

जैबुनबाई तुम्हा पोरांच्या टीचर, पण माझ्या त्या शेजारीण. बुसैतीनच्या त्या गल्लीत आमची दारं समोरासमोर होती आणि गल्लीच्या तोंडाशी तुमची शाळा. शाळा कसली, एका जुन्या घराच्या खोल्यांत बाकं मांडलेली. आपल्या लोकांच्या कमिटीनं ते घर भाड्यानं घेतलं होतं, चौथीपर्यंतची पोरं तिथं, पुढची पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत. मधल्या चौकात बोराचं झाड होतं. घंटा म्हणजे लोखंडी पट्टी, तीही जैबुनबाईच वाजवायच्या, कारण शिपाई कायम चहाला गेलेला.

तुझ्या डोळ्यासमोर आल्या का त्या? फिक्या रंगाची साडी, मनगटापर्यंत हातांचा ब्लाउज, डोक्यावरून ओढणी, आणि साडीखाली मुलग्यांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट. सगळ्या बायका त्या बुटांना हसायच्या. मीही हसायचे. त्यांना फरक पडायचा नाही. ‘वहिनी, माझी शाळा पायांची हाय,’ म्हणायच्या, ‘चपला घालून होत नाय.’ पर्समध्ये खडू आणि कलिंगडाच्या भाजलेल्या बिया एकाच कप्प्यात. बिया द्यायच्या तेव्हा खडूची चव यायची. चहा इतका वाईट करायच्या की त्यांचे यजमान हसनभाई माझ्याकडे येऊन चहा पिऊन जायचे आणि बायकोला सांगायचे, वहिनींनी फार आग्रह केला. गणित त्यांना येत नव्हतं, हे तुम्ही पोरांनी ओळखलं होतं. बेरजा तपासताना त्या शेजारच्या हुशार पोरीच्या वहीत बघायच्या. बोलायला लागल्या की शाळेत इंग्रजी, रस्त्यावर अरबी, माझ्याशी दापोलीकडची त्यांची मराठी.

नवीन पोर वर्गात आलं की पहिला प्रश्न ठरलेला. कुठे राहतोस? पोर बिल्डिंगचा नंबर सांगायचं, फ्लॅटचा नंबर सांगायचं. त्यावर त्या म्हणायच्या, हे पोस्टमनला सांग. मला सांग, तुझी बिल्डिंग उभी राहिली त्याच्या आधी तिथं काय होता? तूसुद्धा पहिल्या दिवशी ‘डोंट नो, टीचर’ म्हणून घरी आली होतीस आणि रडत होतीस, कारण तुला वाटलं हा परीक्षेतला प्रश्न आहे. तुझी आई माझ्याकडे विचारायला आली. मला तरी कुठे माहीत? आम्ही बायका गल्लीत राहायचो म्हणजे काय, घर ते कोपऱ्यावरचं किराण्याचं कोल्ड स्टोअर आणि कोल्ड स्टोअर ते घर. पावाचं पाकीट, दुधाचा डबा, आणि मल्याळी दुकानदाराशी हिंदीतून दोन शब्द. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, आपण इथं दोन वर्षांसाठी आलोय. दोनाची वीस झाली तरी तसंच वाटायचं.

जैबुनबाईंनी तुला सांगितलं, आईला नाही माहीत तर दारातल्या म्हातारीला विचार.

ती म्हातारी म्हणजे उम्म खलील. खलीलची आई. शाळेला लागून तिचं घर, निळ्या दाराचं. शाळेचं घरही मूळचं तिच्याच भावाचं. दुपारी ऊन उतरलं की ती उंबऱ्याशी चटई टाकून बसायची, अंगावर पायघोळ काळा अबाया, हनुवटीवर गोंदलेलं. तुम्ही पोरं सुरुवातीला तिला घाबरायचात. जैबुनबाई तुम्हाला रांगेनं तिच्यापुढे नेऊन बसवायच्या, म्हातारी बोलायची आणि बाई तिचं बोलणं उलगडून सांगायच्या. त्या गल्लीच्या पोटात किती काय होतं म्हणून सांगू. कोल्ड स्टोअरच्या जागी खजुराची बाग होती. आमच्या बिल्डिंगखाली गोड्या पाण्याचा झरा होता, बायका तिथं कपडे धुवायच्या, तो आटला मग त्यावर सिमेंट पडलं. आणि गल्लीच्या टोकाशी, जिथं पुढे टॅक्सी उभ्या राहायच्या, तिथं समुद्र होता. तिचा बाप मोती काढणाऱ्यांच्या होडीवर पाणबुड्या होता. उन्हाळाभर होड्या बाहेर असायच्या. परत यायचे दिवस आले की तिची आई आणि गल्लीतल्या सगळ्या बायका पाण्याच्या कडेला जाऊन उभ्या राहायच्या, कोण आलं, कोण नाही आलं ते बघायला. म्हातारी हात झटकायची आणि म्हणायची, ‘बहर मफी.’ समुद्र आता नाही. भराव घालून पार लांब ढकलला होता त्याला.

मग जैबुनबाई पोरांना उठवायच्या, यल्ला, पायांना कामाला लावा. म्हातारी काठी टेकत पुढे, मागे तुम्ही सगळी. ती एका जागी थांबून काठी आपटायची, इथपर्यंत पाणी होतं. बाई वाकून रस्त्यावर खडूची लांब रेषा ओढायच्या आणि तुम्ही सगळे त्या रेषेवर डोळे मिटून उभे राहायचात. टॅक्सीवाले खिडकीतून बघायचे, हे कसलं खूळ म्हणून.

दरवर्षी ही रेषा ओढली जायची. आणि तुझ्या बाबांचं जे भांडण झालं ते त्या रेषेवरूनच, आठवतंय? तुझे बाबा समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीत इंजिनियर. तू घरी जाऊन रेषा कुठे होती ते सांगितलंस, त्यांनी त्यांचा नकाशा काढला आणि सांगितलं, चूक आहे, किनारा यापेक्षा पुष्कळ पुढे होता. दुसऱ्या दिवशी ते शाळेत हजर. मुलांना चुकीचं शिकवू नका म्हणाले. जैबुनबाई म्हणाल्या, या, दाखवा. तुझ्या बाबांनी टेप लावून मोजलं, बाईंनी त्यांच्या सांगण्यावरून दुसरी रेषा ओढली आणि पोरांना सांगितलं, ही साहेबांची रेषा, ही बरोबर हाय. ती उम्मची रेषा. आता दोन्हींवर उभे राहा.

तुझे बाबा जरा चिडलेच. बरोबर असेल तर दुसरी कशाला ठेवता, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी खडू पर्समध्ये टाकला. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून मला म्हणाल्या, ‘वहिनी, मला ठाऊक हाय ती चुकते. गेल्या वर्षी तिनं रेषा टॅक्सींच्या जवळ सांगितली. यंदा दिव्याच्या खांबाशी. दर साली तिचा समुद्र तिच्या घराजवळ येतोय. येऊ दे. मी कशाला अडवू?’

हे मी तेव्हा ऐकलं आणि विसरले. भाजी करपत होती.

आता चार्जचं सांगते. ते तू विसरणं शक्य नाही, पण ते सुरू कसं झालं ते तुला माहीत नसेल, तू नंतर आलीस. कुवेतची लढाई लागली तेव्हाची गोष्ट. खिडक्यांना चिकटपट्ट्या, भोंगे, आणि ज्याला तिकीट मिळेल त्यानं बायकापोरं गावाला पाठवलेली. वर्गात लिझी म्हणून गोव्याची एक पोरगी होती. मंगळवारी होती, बुधवारी बाक रिकामा. शाळा पुन्हा नीट सुरू झाल्यावर जैबुनबाईंनी विचारलं, लिझी कुठल्या गल्लीत राहायची? तिच्या गल्लीत काय काय होता, ती कोणाला सलाम करायची? एकालाही सांगता येईना. बाई घरी आल्या त्या तापलेल्या. पोरगी एवढी वर्षं इथं राहिली, आणि पाण्यात बुडवलेलं बोट काढल्यावर मागे खूण राहू नये तशी गेली, असं म्हणत होत्या. हसनभाई तेव्हा जहाजं दुरुस्त करणाऱ्या यार्डात क्लार्क होते. ते सहज म्हणाले, आमच्याकडे माणूस रजेवर जायचा असला तरी आधी चार्ज देतो, किल्ल्या कुठे, कामं कुठवर आली, सगळं सांगतो, मग सही. तुमच्या पोरांना चार्ज द्यायला लाव.

ते चेष्टेत म्हणाले, बाईंनी खरं केलं.

त्यानंतर नियमच झाला. ज्याच्या बापाची नोकरी संपली, बदली झाली, ज्याला गावाला धाडायचं ठरलं, त्यानं जाण्याआधी राहणाऱ्या एका पोराला आपल्या गल्लीतून चालवत न्यायचं. इथं पूर्वी हे होतं. ही मांजर याची. या घरातले आजोबा बहिरे आहेत, सलाम मोठ्यानं करायचा. या भिंतीवर होडीचं चित्र आहे, रंग लावायला आले तर रडायचं. सगळं सांगून झालं की देणाऱ्यानं घेणाऱ्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, खलास. ते म्हटल्याशिवाय चार्ज पुरा झाला असं बाई मानायच्या नाहीत. मागे उभ्या राहून ऐकायच्या, बिया चघळत.

आणि पुढच्या वेळी समुद्राच्या रेषेवर उभं राहिलं की डोळे मिटून तुम्ही गेलेल्या पोरांची नावं घ्यायचात. कोण आलं, त्या विचारायच्या, आणि तुम्ही म्हणायचात, लिझी. मॅथ्यू. सुहास. ज्याला जो आठवेल तो. होड्यांची वाट बघणाऱ्या बायकांसारखं. काही आयांना ते आवडायचं नाही, अशुभ वाटायचं. मला विचारशील तर मी हातातलं काम टाकून वरच्या गॅलरीतून ते ऐकायचे, आत जायचे नाही.

तू तुझा चार्ज तुझ्या वर्गातल्या नफिसाला दिलास. गुलाबी फ्रॉक, केसांना दोन रिबिनी, आणि नफिसाला बजावून सांगत होतीस की कोल्ड स्टोअरवाला अंकल शिळी टॉफी देतो, वास घेऊन घे. खलास म्हणालीस आणि लगेच भोकाड पसरलंस. तुझ्या आईनं तुला ओढत टॅक्सीत घातलं. जैबुनबाई टॅक्सी वळेपर्यंत हात हलवत होत्या. मग माझ्याकडे येऊन बसल्या आणि चहा मागितला. त्यांनी स्वतःहून चहा मागितलेला तो पहिलाच.

तू गेल्यावर दोन-तीन वर्षांनी शाळेचं वारं फिरलं. कमिटीनं ठरवलं, हे जुनं घर सोडायचं. पुलापलीकडे नवी इमारत झाली होती, एसीच्या खोल्या, खेळायला मैदान, कॉम्प्युटर. एरिया पाडले. मुहर्रकच्या बाजूची पोरं या बसनं, सनद गावाकडची त्या बसनं, सकाळची शिफ्ट कोणाला, दुपारची कोणाला, सगळं ठरवून पालकांची मीटिंग बोलावली. मीही गेले, माझा धाकटा तिथंच तिसरीत होता. सगळे खूश होते. का नसतील? बोराच्या झाडाखाली पोरं गरम व्हायची, संडासाला पाणी नसायचं, छत गळायचं. मलाही नवी शाळा हवी होती, खोटं कशाला बोलू.

जैबुनबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. बोलायला उठल्या तेव्हा सगळ्यांनी घड्याळं बघितली. त्या म्हणाल्या, नवी इमारत चांगली हाय, मी बघून आले. मोठ्या पोरांना न्या. पण पहिली-दुसरी इथं ठेवा, चालत येतील. पोर चालत शाळेला आला तर त्याला गल्ली असते. बसनं आला तर त्याला फक्त स्टॉप असतो.

अध्यक्ष माणूस भला होता. तो फार मऊ आवाजात म्हणाला, ‘टीचर, आपण सगळे इथून एक दिवस जाणारच. पोरांना इथली गल्ली घेऊन काय करायचंय?’

लोक बसच्या याद्या चाळायला लागले. बाई उभ्याच होत्या. मग खाली बसल्या आणि पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत राहिल्या, मीटिंग संपेपर्यंत.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बाकं ट्रकमध्ये चढली. लोखंडी पट्टीसुद्धा भंगारवाल्यानं नेली. नव्या शाळेत बाईंना नोकरी नव्हती, वय झालं होतं आणि डिग्री जुनी. त्यातच हसनभाई रिटायर झाले. बाईंचा व्हिसा त्यांच्या व्हिसावर. दोघांनाही उन्हाळा संपायच्या आत निघायचं होतं.

आता बघ, इतकी वर्षं पोरांना चार्ज द्यायला लावणारी बाई, स्वतःच्या गल्लीचा चार्ज काही देईना. मी विचारलं, हसनभाईंनी विचारलं. त्या विषय बदलायच्या. कधी म्हणायच्या, पोरं सुट्टीला गावाला गेलीत, देऊ कोणाला? ते खरंच होतं. जुलै-ऑगस्टला आपली गल्ली ओसच असते, सगळे इंडियाला. नफिसाही गेली होती. आम्हीच त्या वर्षी थांबलो होतो, यांना रजा मिळाली नाही म्हणून. मी एकदा म्हटलं, परत येतील पोरं, मी सांगेन त्यांना. तर म्हणाल्या, सांगून होत नाय वहिनी, चालून होतो.

सामान बांधताना मी मदतीला जायचे. एका दुपारी भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता मी आपलं बरं वाटावं म्हणून म्हटलं, आता तुमच्या गावाला जाल, स्वतःचं घर, स्वतःची माणसं, समोर खाडी. तर त्यांनी हातातला टोप खाली ठेवला. आणि मग बोलल्या ते मला शब्दाला शब्द आठवतंय. ‘गाव माझा फक्त कागदावर हाय, वहिनी. दोन सालांनी महिनाभर गेले, पाहुण्यासारखी. समोरच्या घरात कोण राहतो मला माहीत नाय. विहीर कोणी खणली माहीत नाय. लगीन झाला तशी इकडे आले. तिकडचा चार्ज मला कोणी दिलाच नाय. आणि इकडचा मी देऊन टाकला, तर मी उभी कुठे राहू?’

मी भांडी गुंडाळत राहिले.

जाण्याच्या दिवशी दुपार कलताना असरची बांग झाली आणि माझ्या दारावर थाप पडली. जैबुनबाई. पायात तेच कॅनव्हासचे बूट, बाकी सामान गाडीत गेलेलं. गाडी त्यांच्या पुतण्याची होती, हसनभाई आत बसून घाम पुसत होते. बाई म्हणाल्या, ‘वहिनी, पायात घाला काहीतरी.’

ऑगस्टचं बाहरीन तुला ठाऊक आहे. हवा अंगाला ओल्या फडक्यासारखी चिकटते. माझ्या चपलेचा तळवा रस्त्याला लागून भाजत होता. पण त्या भराभर पुढे, मी मागे. इथं झरा. इथं झऱ्यावर कपडे धुणाऱ्या बायकांचा दगड, आता कोल्ड स्टोअरच्या पायरीत बसवलाय, बघा, मधे झिजलाय. इथं दोन भाऊ भांडले आणि मधे भिंत घातली, म्हणून गल्ली वाकडी. या खिडकीतली पोरगी लग्न करून बसऱ्याला गेली, परत आली नाय. हे बोराचं झाड उम्मच्या आईनं लावलं. या खांबाला लिझी टेकून उभी राहायची. इथं शिल्पानं टॉफी टाकली आणि मुंग्या आल्या. होय, तूही होतीस त्यात. इतकी वर्षं मी त्या गल्लीत राहिले आणि मला वाटायचं, इथं बघायला काय आहे, चार दारं आणि एक दुकान. त्या बोलत होत्या आणि एकेक जागा उघडत होती.

शेवटी निळ्या दाराशी आलो. उम्म खलीलला तोवर दिसेनासं झालं होतं. ती उंबऱ्याच्या आत, अंधारात चटईवर बसलेली. बाईंचा आवाज ऐकून हात पुढे केला. बाईंनी तो हातात घेतला आणि दर वर्षीचा तोच प्रश्न विचारला, की उम्म, पाणी कुठपर्यंत होतं? म्हातारीनं काठी शोधली नाही, उठलीही नाही. बसल्या जागेवरून एक पाय पुढे सरकवला, अंगठ्यानं उंबरा चाचपला आणि म्हणाली, ‘हिनी.’ इथं.

तिचा समुद्र तिच्या दारात येऊन पोचला होता.

जैबुनबाईंनी पर्समधून खडू काढला. गुडघे धरत खाली बसल्या आणि उंबऱ्याच्या कडेनं रेषा ओढली, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. उठून तिच्यावर उभ्या राहिल्या. मला शेजारी उभं केलं. डोळे मिटले. कोण आलं, हे विचारायला पोरं नव्हती, तेव्हा त्यांनी स्वतःच नावं घ्यायला सुरुवात केली. लिझी. मॅथ्यू. सुहास. शिल्पा. नफिसा. किती घेतली मी मोजली नाहीत. आतून म्हातारी प्रत्येक नावाला हुंकार देत होती, जणू तिला होडीतून उतरणारी पोरं दिसत होती. गल्लीच्या तोंडाशी पुतण्यानं हॉर्न दिला, तरी त्या थांबल्या नाहीत. नावं संपली तेव्हाच डोळे उघडले.

मग माझा हात धरला. मी वाट बघत होते. इतक्या वेळा गॅलरीतून बघितलं होतं, पुढचा शब्द मला माहीत होता. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. हात सोडला, ओढणी सारखी केली आणि गाडीकडे चालू लागल्या. गाडीत बसल्यावर काच खाली केली. मला वाटलं आता म्हणतील. त्यांनी नुसता हात बाहेर काढला, बोटांना खडू लागलेला. माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या बघत होत्या खाली, रस्त्याकडे, सावकाश मागे जाणाऱ्या रस्त्याकडे, आणि पोरांना खिडकीतून जत्रा बघताना मान वळते तशी त्यांची मान वळत होती. गाडी टॅक्सीस्टँडला वळली. पांढरा हात शेवटपर्यंत बाहेर होता.

ते माझं त्यांना शेवटचं बघणं.

खडूची रेषा दोन-चार दिवसांतच दमट हवेनं गेली. त्या थंडीत उम्म खलीलही गेली.

जैबुनबाईंची खबर मला कधीमधी कळायची, त्यांचा तोच पुतण्या सलमाबादला गोदामात कामाला होता. हसनभाई आधी गेले. मग त्या त्या घरात एकट्याच. पुतण्या सांगायचा, गावात त्यांना नावानं कोणी ओळखत नव्हतं, बाहरीनवाली म्हणायचे. इथं इतकी वर्षं त्या इंडियावाल्या टीचर होत्या आणि तिथं जाऊन बाहरीनवाल्या झाल्या. शेजारच्या पोरांना जवळ बोलवायच्या आणि विचारायच्या, तुझ्या घराच्या आधी तिथं काय होता? पोरं पळून जायची. तरी त्या बूट घालून रोज संध्याकाळी गल्लीनं चालायच्या आणि लोकांना विचारत सुटायच्या, ही विहीर कोणाची, ही वाट का वाकडी. शिकत होत्या गं त्या, त्या वयात. चार्ज घ्यायचा प्रयत्न करत होत्या. तो पुरा व्हायच्या आतच गेल्या. पावसाळ्यात, ताप येऊन, दोन दिवसांत. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. लिफ्टच्या दारात सांगता आलं असतं का, तूच सांग.

आम्ही आता सनदला राहतो, ते तू बघितलंसच. मुलाचा व्हिसा आहे तोवर मीही आहे. वर्षातून एकदा मी त्याला गाडी काढायला लावते आणि बुसैतीनला जाते. तो कुरकुरतो, आई, तिथं आता आहे काय? निळं दार आहे, रंग उडालेला. शाळेच्या घरात अबाया शिवणारे दर्जी बसतात. बोराचं झाड गेलं, पण कोल्ड स्टोअरच्या पायरीतला तो झिजलेला दगड अजून आहे. समुद्र तर आणखीच लांब गेला, त्याच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. मी गल्लीतून एक चक्कर मारते, मनातल्या मनात सगळं म्हणत, काही विसरले तर नाही ना म्हणून. मग उंबऱ्यापाशी उभी राहते आणि नावं घेते. तुझं घेते. आता जैबुनबाईंचंही घेते. आतले लोक नवे आहेत, त्यांनी एकदा मला पाणी आणून दिलं, या म्हातारीला ऊन लागलं असेल म्हणून.

त्यांनी तो शब्द म्हटला नाही, तेव्हा चार्ज मला मिळाला की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण गल्ली मला पाठ आहे, आणि हे जे लिहिलंय त्यात ती निम्मीसुद्धा आलेली नाही. ती चालल्याशिवाय देता येत नाही. नफिसा कॅनडाला गेली. माझ्या पोरांना ऐकायला वेळ नाही. माझे गुडघे आता कुरकुर करतात, गेल्या खेपेला निम्म्या गल्लीत दोनदा बसावं लागलं.

तेव्हा ये. विमान बदलायला म्हणून नको येऊ, चांगली आठ दिवस सुट्टी काढून ये. हवा बरी असते तेव्हा, थंडीत ये. चहा मी करीन, तो पूर्ण पिऊन मग निघू. आणि हे बघ, त्या उंच टाचा तिकडेच ठेव. चालायचे बूट घालून ये. लवकर ये गं.